आंब्याचे लाकूड

इगतपुरीत बसून समुद्राविषयी लिहावे हे ऐकूनच पुष्कळांना हसू येईल. आमच्या गावाची कीर्ती पावसाची, धुक्याची आणि घाटाची. समुद्र येथून कोठेही दिसत नाही. तरी पण या गावाचे समुद्राशी नाते आहे, आणि तेही एका समुद्राशी नव्हे. येथल्या माथ्यावर पडलेले पाणी एका अंगाने दारणेत उतरते, दारणा गोदावरीला मिळते आणि ते पाणी सारे दख्खन ओलांडून पूर्वसमुद्राला जाते. दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब भातसेच्या किंवा वैतरणेच्या वाटेने पश्चिमसमुद्राकडे निघतो. अर्थात वाटेत मुंबईकरांच्या नळाने त्याला अडवले नाही तर. तेव्हा समुद्राच्या गोष्टी आम्ही करू नयेत असे काही नाही.

गेली दोन वर्षे आमच्या आळीत एक प्रश्न धुमसत आहे, आणि तो समुद्राचाच आहे. शेजारच्या अण्णांचा धाकटा मुलगा यंत्रशास्त्र शिकून आला. नाशिकच्या रस्त्यावर गोंद्याला कारखान्यांची वसाहत आहे, तेथे त्याने एक गाळा भाड्याने घेतला. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तीन कामगार. आरंभी तो मोठ्या कारखान्यांची सुटी कामे करून देई. चार पैसे मिळत. पुढे त्याच्या मनाने घेतले की, माणसावाचून चालणाऱ्या ज्या होड्या हल्ली निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी एक सील आपण येथेच तयार करावे. पंख्याचा फिरता दांडा होडीच्या कवचातून जेथे बाहेर पडतो, तेथून पाणी आत शिरू नये म्हणून हे सील बसवायचे असते. वस्तू दिसायला क्षुल्लक. आरशासारख्या घासलेल्या दोन कड्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी स्थिर असते, आणि दोघींच्या मध्ये पाण्याचा जेमतेम एक पापुद्रा. एवढ्यावर सगळी होडी तरते किंवा बुडते.

यासाठी त्याने एका सरकारी योजनेतून पैसे मिळवले. पैसे एकदम मिळत नाहीत. कामाचा एकेक टप्पा पुरा झाला की एकेक हप्ता, आणि जेवढे सरकार घालणार तेवढे आपणही घालायचे. अण्णांच्या निवृत्तीच्या पैशातला बराच भाग त्यात गेला.

हे काही जगावेगळे नव्हते. अमेरिकेने १९८२ साली कायदाच केला की, ज्या सरकारी खात्यांचे संशोधनाचे अंदाजपत्रक मोठे, त्यांनी त्यातला एक ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा. तो वाटा पुढे ३.२ टक्क्यांपर्यंत चढला. आपल्याकडे संरक्षण खात्याची ‘आयडेक्स’ ही योजना एप्रिल २०१८ मध्ये आली. तिच्यात आरंभी नमुना तयार करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत मदत आणि उद्योजकाचा स्वतःचा तेवढाच वाटा, असे गणित होते. नौदलाने २०२० साली नवकल्पनांसाठी स्वतंत्र संघटना काढली आणि जुलै २०२२ मध्ये पंचाहत्तर स्वदेशी तंत्रज्ञानांचा संकल्प सोडला. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीची ‘मातंगी’ ही बिनमाणसाची होडी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनकडे दीड हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघाली, हे पुष्कळांनी वाचले असेल. आमच्या मुलाची उडी एवढी मोठी नव्हती. त्याला फक्त त्या होडीत पाणी शिरू द्यायचे नव्हते.

आता इगतपुरीत पाण्याला तोटा नाही, पण ते सगळे गोडे. खारे पाणी आणायचे कोठून? मुलाने दोनशे लिटरचे पिंप घेतले आणि लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने त्यात सात किलो मीठ घातले. वाण्याने मिठाच्या पिशव्या बांधता बांधता, “लोणच्याचा कारखाना काढता काय?” असे विचारले, ही गोष्ट सगळ्या पेठेत झाली. त्या पिंपात ते यंत्र रात्रंदिवस तीन महिने फिरले आणि थेंबभर पाणी आत गेले नाही. मग रायगडच्या किनाऱ्यावर एका जेटीवर खरी परीक्षा झाली. चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी होडीत पाणी भरले आणि मोटर जळाली.

कारण नंतर सापडले. पिंपातले यंत्र कधी थांबत नव्हते, म्हणून त्या दोन कड्या कधी कोरड्या पडल्या नाहीत. जेटीवर मात्र संध्याकाळी होडी वर ओढून ठेवीत. रात्रभर वाऱ्याने तो पाण्याचा पापुद्रा सुकून जाई आणि त्याच्या जागी मिठाचे बारीक खडे धरत. सकाळी दांडा फिरू लागला की ते खडे त्या आरशावर ओरखडे काढीत. पिंपात मीठ होते, पाणी होते; समुद्रकाठची रात्र तेवढी नव्हती.

“सरकारचा पैसा पाण्यात गेला,” असे गावात कोणीतरी म्हणाले. वाक्य इतके तंतोतंत खरे होते की स्वतः मुलगासुद्धा हसला. अण्णा हसले नाहीत. अण्णा रेल्वेत होते. कसाऱ्याहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देण्यासाठी जी बँकर इंजिने लावतात, त्यांवर त्यांची उमेद गेली. सदतीस फुटांना एक फूट अशी ती चढण. तेथे लोकांचे प्राण आणि सरकारचे लोखंड सांभाळण्यात ज्याने आयुष्य घालवले, तो माणूस सरकारी पैशाविषयी थट्टा करू शकत नाही. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, नियमाप्रमाणे पैसे परत करावे लागत नाहीत, हे मला कळते. पण न परत करता हे फिटते काय?”

हा प्रश्न मला वाटतो तितका साधा नाही. त्याला दोन तयार उत्तरे आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक असे की, सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही. हे उत्तर देणारे लोक स्वतःच्या घरपट्टीची पावती मात्र फार जपून ठेवतात. दुसरे उत्तर सुशिक्षितांचे: संशोधन म्हटले की अपयश यायचेच. हे खरे आहे. पण ज्याच्या खिशातून काही गेले नाही तो माणूस हे वाक्य जरा लवकर उच्चारतो. आडगावच्या शेतकऱ्याने काडेपेटी विकत घेतली तरी त्यातला कर या पिंपापर्यंत पोहोचलेला असतो. त्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.

शाळेत इतिहास शिकवीत असताना रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तले आरमाराचे प्रकरण मला फार आवडे. ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा. राज्याला आरमार अगदी हवे, ते राज्याचे स्वतंत्र अंगच आहे, हे अमात्य ठासून सांगतात. पण गलबते बांधायची तर लाकूड पाहिजे, आणि तेथे त्यांची लेखणी एकदम मऊ होते. सागवान वगैरे रानातले घ्यावे, तेही परवानगीने. कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची खरी, परंतु त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच न्यावे. शत्रू समोर उभा असलेल्या राज्याच्या अमात्याने हे लिहावे याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. गरज कितीही मोठी असो, घेण्याची रीत असते.

कररूपाने गोळा झालेला पैसा हे आंब्याचे लाकूड आहे. तो रानातला साग नव्हे. कोणीतरी तो पाणी घालून वाढवलेला असतो. मग त्याचे मोल द्यायचे म्हणजे काय करायचे?

यश आले तर हिशेब सोपा. देशाला एक वस्तू मिळाली, परक्याच्या दारात जाणे वाचले. परक्या कारागिराचा भरवसा किती, हे आपल्याला जुनेच ठाऊक आहे. १६५९ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आपली पहिली गलबते बांधायला घेतली तेव्हा कामावर व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसे होती. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखले, आणि त्यांच्या सांगण्यावरून ती मंडळी काम टाकून निघून गेली. आरमार थांबले नाही. पण त्या दिवशी खाडीवर काय बोलणे झाले असेल, याचा विचार मनात येतो. यशाचे मोल हे असे दिसते. अपयशाचे मोल दिसत नाही, आणि अण्णांचा प्रश्न अपयशाचा होता.

मी त्यांना हॅरिसनची गोष्ट सांगितली. इंग्लंडची चार लढाऊ जहाजे १७०७ साली सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. आपण समुद्रावर नेमके कोठे आहो हे त्यांना कळत नव्हते. उत्तर-दक्षिण अंतर सूर्यताऱ्यांवरून काढता येई. पूर्व-पश्चिम कळायला बरोबर चालणारे घड्याळ हवे होते आणि हेलकावणाऱ्या जहाजावर कोणतेच घड्याळ बरोबर चालत नव्हते. १७१४ साली तेथल्या पार्लमेंटने वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावले आणि पारख करायला एक मंडळ नेमले. ते पुढे जॉन हॅरिसनकडे आले. हा सुताराचा मुलगा. आरंभी घड्याळेसुद्धा लाकडाची करी. आजच्या भाषेत बोलायचे तर गोंद्याचा गाळेवाला. मंडळाने त्याला मधून मधून पैसे दिले. पहिले घड्याळ १७३६ साली लिस्बनपर्यंत जाऊन आले. दुसरे त्याला स्वतःलाच पसंत पडले नाही. तिसऱ्यावर त्याने एकोणीस वर्षे घालवली, आणि तेही साधले नाही.

एकोणीस वर्षे! आमच्या गावात तो असता तर लोकांनी त्याला काय नावे ठेवली असती! पण त्या फसलेल्या घड्याळात थंडी-उन्हाचा परिणाम मोडण्यासाठी त्याने दोन धातूंची एक जोडपट्टी केली होती. उष्णतेने दोन धातू कमीजास्त वाढतात आणि पट्टी वाकते, एवढीच युक्ती. घरातली विजेची इस्त्री तापली की टक् करून आपोआप बंद होते ना, ती अशाच पट्टीने. दिवाळीचे कपडे ज्या घरात कडक इस्त्रीचे होतात, त्या घरात हॅरिसनचे अपयश नांदते आहे.

गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चौथे घड्याळ, खिशातल्या घड्याळासारखे पण तळहाताहून मोठे, यशस्वी झाले. १७६१ साली निघालेल्या जमेकाच्या सफरीत ते पाच सेकंदांच्या आसपास चुकले. तरी मंडळ बक्षीस देईना. मंडळ म्हणे, आधी घड्याळ उघडून दाखव, त्याची रचना लिहून दे, म्हणजे दुसऱ्या कारागिरालाही ते करता आले पाहिजे. हॅरिसनला हा घोर अन्याय वाटला. आयुष्यभराची विद्या टेबलावर मांडायची, मग आपल्याजवळ उरले काय? अखेर १७६५ साली त्याने परीक्षकांसमोर ते उलगडले. निम्मे बक्षीस मिळाले. १७६७ साली त्याचे तत्त्व छापले गेले. केंडॉल नावाच्या घड्याळजीने हुबेहूब प्रत केली आणि ती घेऊन १७७२ साली कॅप्टन कुक दक्षिण समुद्रात गेला. हॅरिसनला उरलेले पैसे मिळायला १७७३ साल उजाडले, आणि तीन वर्षांनी तो वारला.

मंडळ त्याच्याशी कद्रूपणे वागले, यात शंका नाही. सफरीमागून सफरी मागणे, अटी बदलत जाणे हे म्हाताऱ्याला छळण्यासारखेच होते. पण त्या एका मागणीत मंडळ बरोबर होते असे मला वाटते. लोकांनी घड्याळ विकत घेतले नव्हते; जहाजे फुटू नयेत याचे ज्ञान विकत घेतले होते. ते एका माणसाच्या कपाटात राहिले असते तर त्याच्याबरोबर गेले असते.

येथे अण्णांच्या मुलाचा आणि माझा वाद झाला. मी म्हणालो, “तुझे सील का फसले हे सविस्तर लिहून दे. पिंप, रात्री, मिठाचे खडे, सगळे. मागून येणारा दुसरा कोणी पोरगा सरकारकडून असेच पैसे घेईल आणि पुन्हा त्याच पिंपात यंत्र फिरवीत बसेल, ते तरी टळेल.”

तो म्हणाला, “काका, माझ्याजवळ आता तेवढेच तर भांडवल आहे. मोठ्या कंपनीला हे कळले तर ती सहा महिन्यांत माझ्या पुढे जाईल. तिच्याकडे पैसा आहे, माझ्याकडे फक्त कुठे ठेच लागते ते माहीत आहे.”

हे बोलणे टाकाऊ नव्हते. लहान माणसाची चूक हीच त्याची शाळेची फी असते. ती भरून मिळालेली विद्या फुकट वाटून टाक म्हणायला आपले काय जाते? शिवाय निम्मे पैसे त्याच्या बापाचे. बराच वेळ मी गप्प होतो. मग मला असे वाटले की, येथे वाटणी होऊ शकते. पुढची कडी कोणत्या द्रव्याची करायची, सुकण्यावर तोड काय, हे त्याने स्वतःपाशी ठेवावे. उद्या यश आले तर त्याचे पैसेही त्यानेच मिळवावेत. पण जे फसले ते लोकांचे. त्याचे दाम लोकांनी भरले आहेत आणि तेवढाच माल सध्या तयार आहे. फसलेली गोष्ट दडवून ठेवणे म्हणजे धन्याला न विचारता झाड तोडणे, आणि वर लाकूडही न दाखवणे. सरकारी कचेऱ्यांतही ‘प्रयोग असफल’ एवढा शेरा मारून फाईल बांधून टाकण्याची जी घाई असते, ती मला याच जातीची वाटते. पैसे बुडाले याचे दुःख एकदाच होते. ते का बुडाले हे न कळल्यामुळे ते दुसऱ्यांदा बुडतात.

अण्णांना हे पटले. पण त्यांच्या मनात आणखी एक काटा होता. आमच्या गावात धम्मगिरी आहे. विपश्यनेचे हे केंद्र १९७६ पासून येथे चालते. साऱ्या जगातून माणसे येतात आणि दहा दिवस मौन पाळून जातात. अण्णाही दोनदा जाऊन आले आहेत. बुद्धाने गृहस्थाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. अण्णा म्हणाले, “मास्तर, सील फसले याचे मला वाईट वाटते, आणि फसले ते बरे झाले असेही कधीकधी वाटते. त्या होडीवर उद्या काय ठेवणार?”

सील बिचारे निष्पाप आहे, होडीवर बंदूक ठेवली की दोरी-कडे ठेवले हे त्याला काय कळते, असे म्हणून सुटता आले असते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट किनारा दिसत असताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या खवळलेल्या पाण्यात माणसावाचून शिरणाऱ्या चार होड्या असत्या तर! असे उदाहरण देऊन मी अण्णांचे समाधान केले असते. पण ते अर्धे खरे झाले असते. अशा होड्यांसाठी नौदलाने जानेवारी २०२३ मध्ये जो करार केला, त्याच्या नावातच ‘शस्त्रसज्ज’ हा शब्द आहे. त्यात काही चोरून ठेवलेले नाही. सीलला कळत नसेल, सील करणाऱ्याला कळते.

मी अण्णांना एवढेच म्हणालो की, २००८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईत मारेकरी समुद्रातूनच आले, रबरी होडीत बसून, आणि मच्छीमारांच्या वस्तीपाशी उतरले. त्या पाण्यावर पहारा ठेवणे हे पाप आहे असे मला म्हणवत नाही. धम्मगिरीच्या साधकांची गाडीसुद्धा त्याच मुंबईहून येते. पण पहारेकरी आणि मारेकरी यांच्यात फरक राहतो तो बंदुकीमागच्या माणसामुळे; माणसावाचून चालणारी होडी तो माणूसच काढून टाकते, ही अण्णांची शंका मला खोडता आली नाही. ती त्यांनी मुलाच्या तोंडावर बोलून दाखवावी, असे मी सुचवले. त्यांनी ती दाखवली. मुलगा म्हणाला, “टेहळणीच्या आणि माणसे वाचवण्याच्या होड्यांना आधी देईन. पुढचे पुढे.” ‘पुढचे पुढे’ हे उत्तर नव्हे, हे आम्हां तिघांनाही ठाऊक आहे.

दसऱ्याच्या आधी त्याने चौदा पानांचा वृत्तांत लिहून पाठवून दिला. पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिला होता. त्यात जेटी होती, रात्री होत्या, ओरखड्यांची छायाचित्रे होती. पिंप मात्र नव्हते. घरगुती प्रकार म्हणून त्याला त्याची लाज वाटली असावी. मी म्हणालो, सगळी मेख त्या पिंपात आहे, ते आधी घाल. त्याने घातले : पाणी दोनशे लिटर, मीठ सात किलो, यंत्र अखंड चालू. अण्णांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले आणि मिठाचे पैसे कोणत्या हप्त्यात धरले होते, ते विचारले.